बापाची बाजू

आपल्या नाटककादंबऱ्यांत ‘पिढ्यांचा संघर्ष’ हा विषय इतक्या वेळा येऊन गेला आहे की, त्याचे नाव काढताच वाचकाच्या डोळ्यांपुढे एक ठराविक चित्र उभे राहते. जुन्या वळणाचा बाप, नव्या वळणाचा मुलगा, दोघांच्या मधे ओढली जाणारी आई. आणि वादाचे कारण म्हणजे एखादे लग्न, एखादे व्यसन किंवा देवघरातली पूजा. या संघर्षात मते बदलतात, पोशाख बदलतात. पण घर कोणाच्या पैशावर उभे राहिले, तो पैसा कोणत्या कामाचा होता आणि ते काम पुढच्या पिढीला मिळणार आहे की नाही, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. मध्यमवर्गीय वाङ्मयात असे घडावे यात आश्चर्य नाही. परंतु ज्यांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या अपमान आणि उपासमार आली, त्यांच्याविषयीच्या लेखनातही बापाला आपली बाजू मांडण्यास पुरेशी जागा मिळू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. प्रस्तुत लेखात हाच एक मुद्दा मांडावयाचा आहे.

तो भिलाईत बसून मांडण्यालाही कारण आहे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि दुर्ग जिल्ह्यातील भाताच्या शेतांत पोलादाचा कारखाना उभा राहू लागला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. पोलादाबरोबर येथे नवा माणूसही ओतला जाईल, ही त्या काळाची श्रद्धा होती. नगराची आखणीही त्या श्रद्धेला धरूनच झाली. गावात जसा ब्राह्मणवाडा आणि महारवाडा असतो तसे येथे काही नव्हते. क्वार्टर मिळावयाचे ते हुद्द्याप्रमाणे. शेजारी कोणत्या प्रांताचा, कोणत्या जातीचा येईल याचा नेम नसे. या सेक्टरांच्या मध्यभागी सिविक सेंटर आहे. तेथे बाजार आहे, नेहरू आर्ट गॅलरी आहे आणि नाट्यप्रयोगांसाठी महात्मा गांधी कला मंदिर आहे. साऱ्या नगराने एकत्र येऊन बसावे अशी ही जागा. ‘सिविक’ या शब्दाचा अर्थच मुळी नागरिकत्वाशी जोडलेला. शेतकरी, मजूर, अमुक जातीचा, तमुक भाषेचा अशा सर्व ओळखी बाजूला ठेवून माणसाने येथे नागरिक म्हणून यावे, असे जणू हे नावच सांगते.

हाच शब्द, त्याच वर्षांत, पोलादाच्याच दुसऱ्या एका नगरात वेगळ्या रीतीने वापरला गेला. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे ‘हिल डिस्ट्रिक्ट’ नावाची कृष्णवर्णीयांची मोठी वस्ती होती. १९५६पासून तिचा खालचा भाग पाडण्यात आला, सुमारे ८,००० माणसांना घरे सोडावी लागली आणि त्या जागेवर १९६१ साली एक भव्य सभागृह उघडण्यात आले. त्याचे नाव ‘सिविक अरेना’. तेही सभागृह आता राहिले नाही. परंतु ज्या वस्तीचा लचका तोडून ते उभे राहिले, त्या वस्तीत १९४५ साली जन्मलेल्या ऑगस्ट विल्सन या नाटककाराने तिला रंगभूमीवर कायमचे स्थान मिळवून दिले. विसाव्या शतकाच्या प्रत्येक दशकासाठी एक, अशी दहा नाटके त्याने लिहिली. त्यांपैकी नऊ हिल डिस्ट्रिक्टमध्ये घडतात. वर्णविद्वेष, राजकारण आणि दारिद्र्य हे तिन्ही त्या दहाही नाटकांत आहेत. परंतु विल्सन त्यांवर व्याख्यान देत नाही. तो एका घराचे अंगण दाखवितो आणि त्या अंगणात बापाला आणि मुलाला उभे करतो.

हे अंगण ज्यात अगदी शब्दशः आहे ते नाटक म्हणजे ‘फेन्सेस’, अर्थात कुंपणे. त्याला १९८७ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले आणि २०१६ साली त्यावर चित्रपटही निघाला. कथेचा काळ १९५७चा आहे. म्हणजे इकडे भिलाईची पहिली भट्टी बांधली जात होती तेव्हाचा. ट्रॉय मॅक्सन हा त्रेपन्न वर्षांचा गृहस्थ नगरपालिकेच्या गाडीवर कचरा उचलण्याचे काम करतो. तरुणपणी तो बेसबॉलचा नामांकित खेळाडू होता. पण त्या काळी कृष्णवर्णीयांचे संघ निराळे असत. गोऱ्यांच्या मोठ्या संघांचे दार जॅकी रॉबिन्सनसाठी १९४७ साली उघडले, तोवर ट्रॉयचे वय निघून गेले होते. आता त्याच्या मुलाला, कोरीला, फुटबॉलच्या जोरावर महाविद्यालयात जाण्याची संधी आली आहे आणि बाप ती नाकारतो. मुलाने दुकानातली नोकरी टिकवावी, हात चालेल असा एखादा व्यवसाय शिकावा, असा त्याचा हेका आहे. त्याच वेळी हाच बाप आपल्या कामावर एक लढा देतो. गाडी हाकणारे सगळे गोरे आणि कचरा उचलणारे सगळे काळे, असे का, हा प्रश्न तो वरिष्ठांना विचारतो आणि अखेरीस त्या कामावरचा पहिला कृष्णवर्णीय चालक होतो.

यात बाप चूक आणि मुलगा बरोबर, असा निवाडा करणे सोपे आहे. काळ बदलला आहे, हे ट्रॉयला दिसत नाही, असे त्याची पत्नी रोझही त्याला सांगते. पण विल्सनची थोरवी अशी की, तो ट्रॉयला शेवटपर्यंत बोलू देतो. मुलगा विचारतो, मी तुम्हांला कधी आवडलो का नाही? त्यावर बापाचे उत्तर असे की, आवडण्याचा येथे संबंधच नाही. तुला खाऊ घालणे, अंगावर कपडा देणे हे माझे कर्तव्य आहे आणि ते मी करतो. हे उत्तर कठोर आहे, पण ते पोकळ नाही. त्याच्या मागे ट्रॉयच्या बापाचा इतिहास आहे. तो दक्षिणेकडे दुसऱ्याच्या जमिनीवर राबणारा कूळ होता, मुलांवर हात टाकणारा होता. चौदाव्या वर्षी ट्रॉय त्याच्यापासून पळाला. ज्या घराच्या अंगणात हे बोलणे चालले आहे ते घरही ट्रॉयच्या एकट्या पगारावर झालेले नाही. युद्धात डोक्याला जखम होऊन बुद्धिभ्रंश झालेल्या भावाला सरकारने जी भरपाई दिली, तिच्यातून ते उभे राहिले आहे. एका घराच्या भिंतींत किती जणांचे रक्त असते हे प्रेक्षकाला कळते, आणि बापाचा हेका त्याला पटला नाही तरी समजू लागतो. अखेरच्या प्रवेशात १९६५ साल आहे. ट्रॉय मेला आहे; कोरी सैन्याच्या गणवेशात घरी आला आहे आणि बापाच्या अंत्ययात्रेला जाण्यास नकार देतो आहे. रोझ त्याला समजावते. पण त्याचे मन वळते ते शेवटी बापाने शिकविलेले एक जुने गाणे सावत्र बहिणीबरोबर म्हणताना. वारसा म्हणजे काय, हे या प्रवेशाइतके थोडक्यात क्वचितच कोणी सांगितले असेल.

आता कोणी म्हणेल की, अमेरिकेतील वर्णभेद आणि आपल्याकडील जातिभेद यांची अशी सांगड घालणे बरोबर नाही. ही हरकत योग्य आहे, आणि ती स्वतः डॉ. आंबेडकरांचीही होती. अस्पृश्यता वंशभेदातून जन्मली, हा सिद्धान्त त्यांनी १९४८ सालच्या आपल्या ग्रंथात स्पष्टपणे खोडून काढला. तथापि त्यांनीच १९४६ साली अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे थोर विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता. त्याच्याही आधी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते. आणि १९७२ साली मुंबईच्या तरुण दलित लेखकांनी आपल्या संघटनेचे ‘पँथर’ हे नाव अमेरिकेतूनच घेतले. तेव्हा तुलनेची ही वाट आमची नव्हे. ती फार जुनी आहे. मात्र भेद विसरता कामा नये. कातडीचा रंग लपविता येत नाही. जात लपविता येते, निदान काही काळ.

या एका भेदावर मराठीत एक असामान्य कथा लिहिली गेली आहे. बाबुराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा याच नावाच्या १९६३ सालच्या संग्रहात आहे. तिचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत उधना येथे जातो आणि जात दडवून राहतो. त्याच्या कवित्वामुळे आणि विद्येमुळे सवर्ण सहकारी त्याचा मान ठेवतात. जात उघड होताच तेच त्याच्यावर तुटून पडतात. जात न लपविता छाती काढून वावरणारा दुसरा एक दलित कामगार त्याला सोडवितो. मराठी मुलखाबाहेर नोकरीसाठी गेलेल्या मराठी माणसाची इतकी भेदक कथा दुसरी आठवत नाही. आणि ‘बृहन्महाराष्ट्राचे वाङ्मय’ म्हणून आपण जे मिरवितो त्यात तिची गणना कोणी करीत नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. नवे गाव, सरकारी पगार, अनोळखी शेजार ही जी त्रयी भिलाईने हजारोंना देऊ केली, तीच बागुलांच्या नायकाला मिळाली होती. पगार मिळाला, एवढ्याने माणूस नागरिक होत नाही, हे त्या कथेने भिलाईच्या भट्ट्या पेटल्यानंतर चारच वर्षांनी सांगून टाकले.

पण या कथेत बाप नाही. आत्मकथनांकडे वळले की बाप भेटतो; आणि तो बहुधा मुलाच्या नजरेतून भेटतो. दया पवारांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) गोदीत काम करणारा, दारूत बुडालेला बाप विलक्षण जिवंतपणे उभा राहतो. त्या पुस्तकाची रचनाही लक्षणीय आहे. शिकलेला दया पवार ऐकतो आणि त्याच्या आतला दगडू सांगतो, अशी ती आहे. एका माणसाची दोन शकले झाली आहेत आणि त्यांचा संवाद चालू आहे. परंतु बाप मात्र या संवादाचा विषयच राहतो, त्यात भाग घेत नाही. उर्मिला पवारांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) आईचे बांबूच्या टोपल्या विणणे आणि लेकीचे लिहिणे यांचा जो सांधा जुळविला आहे तो मराठी गद्यातील एक सुंदर शोध आहे. तेथेही आई विणते. बोलते ती लेक. लेखणी मुलांच्या हाती आली, आईबापांच्या हाती नव्हती, तेव्हा हे अपरिहार्यच होते, असे म्हणता येईल.

ते सर्वस्वी अपरिहार्य नव्हते, याला पुरावा नरेंद्र जाधव यांच्या ‘आमचा बाप आन् आम्ही’ या १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकाचा आहे. नाशिक जिल्ह्यातील ओझर गावी येसकराचे काम नाकारून मुंबईला आलेला आणि गोदीत राबलेला हा बाप निवृत्तीनंतर मुलाच्या आग्रहाने आपल्या आठवणी वहीत उतरवू लागला, आणि त्या पुस्तकाचा पाया झाल्या. या पुस्तकाची लोकप्रियता यशोगाथा म्हणून झाली. मुलगा अर्थशास्त्रज्ञ झाला, हे सर्वांना दिसले. आमच्या मते त्याचे खरे वाङ्मयीन मोल निराळ्या ठिकाणी आहे. येथे बापाचे म्हणणे बापाच्या बोलीत, त्याच्या विनोदासकट आणि त्याच्या हट्टासकट येते. तो दीनवाणा नाही आणि देवही नाही. तो युक्तिवाद करतो. आपल्या टीकेने या पुस्तकातील चढण मोजली, पण ज्याच्या खांद्यावर पाय देऊन ती चढली गेली त्याच्या बोलण्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

नाटक हे तर युक्तिवादाचेच क्षेत्र. तेथे एक पात्र दुसऱ्याविषयी बोलून सुटका करून घेऊ शकत नाही. दुसरा समोर उभा असतो. दत्ता भगत यांच्या ‘वाटा-पळवाटा’ या गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातील नाटकात दलित समाजाच्या तीन पिढ्या एकमेकींसमोर आल्या आहेत: आंबेडकरांच्या काळातला निष्ठावंत काका, विचाराने तोलून चालणारा प्राध्यापक सतीश आणि आक्रमक तरुण अर्जुन. सतीशची पत्नी ब्राह्मण आहे. त्यामुळे घराच्या उंबऱ्याच्या आतही हा प्रश्न आहेच. नाटककार तिघांपैकी कोणालाही प्यादे बनवीत नाही. कोणती वाट आणि कोणती पळवाट हे प्रेक्षकाने ठरवावयाचे. एवढे मोठे श्रेय देऊनही एक उणीव नमूद केली पाहिजे. या तिघांचे भांडण मुख्यतः राजकीय मार्गाचे आहे. ट्रॉय मॅक्सन आपल्या मुलाशी बोलताना पगार, हप्ते आणि घराचे छप्पर यांच्या भाषेत बोलतो; ती भाषा येथे मागे पडते. उलट जयंत पवारांच्या ‘अधांतर’मध्ये (१९९७) भाकरीची भाषा पुरेपूर आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने सुमारे अडीच लक्ष कामगारांच्या घरांचे काय केले, हे त्या नाटकाइतक्या प्रखरपणे कोणी दाखविले नाही. परंतु तेथे रंगमंच व्यापून आहेत ती आई आणि तिची मुले. ज्याने यंत्रावर आयुष्य घालविले त्याची बाजू पुन्हा आपल्याला इतरांच्या बोलण्यातूनच गोळा करावी लागते.

म्हणजे एका नाटकात पिढ्यांचा वाद आहे, दुसऱ्यात भाकरीचा प्रश्न आहे; दोन्ही एकाच अंगणात आणणारे मराठी नाटक अजून लिहावयाचे आहे. ते नाटक भिलाईत घडू शकेल असे आम्हांस वाटते. कारण येथील तीन पिढ्यांचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. पहिल्या पिढीत ज्यांची शेते गेली ते आसपासच्या खेड्यांतील छत्तीसगढी होते. आणि ज्यांना कारखान्यात पक्की नोकरी लागली त्यांत बाहेरून आलेले फार होते. विदर्भातून आलेली मराठी मंडळीही त्यांत होती. त्यांना हा मुलूख परका वाटला नाही, कारण १९५६पर्यंत त्याची राजधानी नागपूरच होती. दुसरी पिढी क्वार्टरात वाढली, कारखान्याच्या शाळेत शिकली. तिसरीच्या वेळी दार अरुंद झाले. एके काळी या कारखान्याच्या पटावर साठ हजारांहून अधिक कायम कामगार होते. आज त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकेही नाहीत. काम संपलेले नाही. ते ठेकेदाराच्या माणसांकडे गेले आहे. त्याच भट्टीजवळ, त्याच उष्म्यात, दोन माणसे उभी असतात. एकाच्या पगारात दुसऱ्यासारखी अनेक घरे चालावीत एवढे अंतर दोघांत असते. कंत्राटी कामात भरणा असतो तो बहुधा आसपासच्या खेड्यांतल्यांचा. त्यांत सतनामी आहेत, आदिवासी आहेत. अशा रीतीने नगराच्या आखणीतून काढून टाकलेली जात पगारपत्रकाच्या वाटेने परत आली.

या प्रश्नाला येथे रक्ताचा इतिहासही आहे. भिलाईला लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली-राजहरा येथील खाणींत १९७७ साली शंकर गुहा नियोगी यांनी कंत्राटी मजुरांची संघटना उभी केली. पुढे त्यांनी भिलाईच्या खाजगी कारखान्यांतील मजुरांची बाजू घेतली आणि २८ सप्टेंबर १९९१च्या पहाटे भिलाईतील घरात झोपेतच त्यांना गोळी घालण्यात आली. १ जुलै १९९२ रोजी पॉवर हाऊस स्थानकाजवळ रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात डझनाहून अधिक माणसे मेली. ही घटना सिविक सेंटरपासून दूर घडली नाही. तरीही येथे राहणाऱ्या मराठी लेखकाच्या लेखनात तिचा उल्लेख क्वचितच आढळतो. आपण गणेशोत्सवाच्या आठवणी लिहितो, नागपूरच्या संत्र्यांविषयी लिहितो, मराठी शाळा ओस पडल्याची खंत लिहितो. ही खंत खरी आहे. पण आपण ज्या शिडीने वर आलो ती कोणाच्या शेतात रोवली होती आणि आपल्यामागे ती कोणी उचलली, हा प्रश्न टाळून लिहिलेले प्रवासी वाङ्मय फार काळ टिकणार नाही.

अशा विषयावर लिहिले तर ते प्रचारकी होईल, अशी भीती काही रसिक व्यक्त करतील. प्रचार तेव्हा होतो जेव्हा एकाच पक्षाला बोलू दिले जाते. भिलाईतील निवृत्त कामगार आपल्या नातवाला म्हणेल की, आम्ही घाम गाळला, शिस्तीने वागलो, म्हणून हे घर झाले. तुम्हांला कष्ट नकोत. नातू म्हणेल, तुमच्याइतकाच घाम मी गाळतो. फरक एवढाच की, तुमच्या घामाला कायमचा हुद्दा होता आणि माझ्या घामाला सहा महिन्यांचा ठेका आहे. शेजारचा छत्तीसगढी वृद्ध दोघांनाही म्हणेल, तुमचे घर जेथे आहे तेथे माझा धान होता. या तिघांतील कोणीही खोटे बोलत नाही. तिघांनाही पूर्ण बोलू देणे आणि कोणालाही लेखकाने आतून चिमटा न काढणे, हे कठीण काम आहे. पण कलावंताचे काम तेच आहे. विल्सनच्या दुसऱ्या एका नाटकात, ‘टू ट्रेन्स रनिंग’मध्ये, नगरपालिका जे उपाहारगृह पाडणार आहे त्याचा मालक आपल्या जागेची किंमत आपणच ठरवीन म्हणून अडून बसतो आणि शेवटी मागितल्याहून अधिक मिळवितो. सिविक अरेनाच्या आवाजाखाली दडपलेल्या वस्तीला विल्सनने अशी बोलण्याची संधी मिळवून दिली.

सिविक सेंटरमधील कला मंदिराच्या पडद्यामागे असे अंगण उभे राहण्यास काही मोठा खर्च लागणार नाही. एक क्वार्टर, एक फाटक, दोन खाटा पुरेत. लागेल तो धीर. आणि तो अभिनेत्यांपेक्षा लेखकाला अधिक लागेल, कारण त्याला आपल्याच बापाला प्रश्न विचारावयाचा आहे आणि त्याचे उत्तर मधेच न तोडता ऐकून घ्यावयाचे आहे. ज्यांनी पहिल्या भट्टीची धग सोसली त्यांची पिढी आता थोडी उरली आहे. त्यांच्या माघारी त्यांच्याविषयी लिहिणे सोपे जाईल. पण तोवर त्यांची बाजू सांगणारे कोणी उरणार नाही.